ज्येष्ठमधाची काडी आणि रक्तदाबाची गोळी

औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी 31 वर्षं वनौषधी शिकवल्या. चूर्णाची चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, ती कुठल्या झाडाची, झाडाच्या कुठल्या भागाची आणि तिच्यात आणखी काय मिसळलंय ते शोधायचं, हे माझं रोजचं काम होतं. या वनस्पतींवर माझं प्रेम आहे. म्हणूनच कुणी ‘नैसर्गिकच आहे, चालतंय की’ म्हणालं, की मी लगेच विचारते: किती, किती दिवस, आणि सोबत दुसरं काय चालू आहे? या वेळच्या पत्रांनाही मी हेच विचारलं आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय 52. रक्तदाबाची एक गोळी गेली तीन वर्षं चालू आहे. वरचा आकडा 130च्या आसपास असायचा, पण दोन महिन्यांपासून तो 160च्या पुढे जातोय. संध्याकाळी घोटे सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ अगदी कमी केलंय, चालायला जाते. (दिवसभर बोलून घसा बसतो म्हणून ज्येष्ठमधाची काडी तेवढी चघळते.) रक्तदाब उतरवणारी एखादी वनस्पती सुचवाल का?

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. नवी वनस्पती शोधू नका. आधी ती काडी बंद करा, आजपासूनच.

ज्येष्ठमधाचं मूळ मोडलंत तर आत पिवळा, धागेदार गाभा दिसतो. त्याची गोडी ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याची असते आणि ती साखरेच्या कितीतरी पट जास्त असते. हे द्रव्य मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. आपल्या शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक असतं. मूत्रपिंडात त्याने मीठ साठवण्याचा हुकूम देऊ नये म्हणून हा विकर त्याला तिथे निकामी करत असतो. विकर अडला की कॉर्टिसोलला मोकळं रान मिळतं. सोडियम आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. रक्तदाब चढतो, घोटे सुजतात, पोटऱ्यांत गोळे येतात. तुम्ही पत्रात लिहिलेलं सगळं यात बसतं. जेवणातलं मीठ कमी करूनही आकडा का हलला नाही, तेही यावरून कळतं.

प्रमाणाचंही सांगते. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने 2003 मध्ये ग्लिसरायझिन दिवसाला 100 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा सल्ला दिला. मुळात ते कमीत कमी 2 टक्के धरलं, तरी 5 ग्रॅमच्या तुकड्यात ते 100 मिलिग्रॅम भरतं. चघळताना सगळं रसात उतरत नाही, हे खरं. पण दोन महिने रोज चघळल्यावर त्याचा हिशेब करायलाच हवा.

आता असं करा. डॉक्टरांकडे जाताना ती काडी सोबत न्या, ‘ही मी रोज चघळत होते’ असं स्वच्छ सांगा आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. तुमच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ही तपासणी लांबणीवर टाकू नका, कारण अशी बहुतेक औषधंही पोटॅशियम घालवतात. छातीत धडधड होत असेल किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवत असेल तर त्याच दिवशी जा. काडी सोडल्यावर परिणाम ओसरायला एक-दोन आठवडे लागू शकतात. तोवर रोज ठरलेल्या वेळी रक्तदाब मोजून लिहून ठेवा आणि गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.

घशासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा (पाणी थुंकून टाका, म्हणजे मिठाची काळजी नको), तासातासाला दोन घोट पाणी प्या आणि रात्री चमचाभर मध घ्या. खाकरून घसा मोकळा करायची सवय असेल तर ती सोडा, स्वरतंतूंना त्याने इजाच होते. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर मात्र कानानाकघशाच्या डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलंच पाहिजे.

प्रश्न : वय 66. पोट साफ होण्यासाठी चार वर्षं रात्री एक चमचा चूर्ण घेतोय. आता दोन चमचे घेतल्याशिवाय भागत नाही. डब्यावर ‘पूर्णपणे वनस्पतिजन्य, सवय लागत नाही’ असं छापलं आहे. घटकांत पहिलं नाव सोनामुखीचं. मध्ये इसबगोल घेऊन पाहिलं, तर त्याने आणखीच घट्ट झालं.

काका, डब्यावर छापलेल्या आश्वासनापेक्षा तुमचा दुसरा चमचा जास्त खरं बोलतोय.

सोनामुखीचं पान मी असंख्य वेळा पाहिलं आहे. चूर्णात त्याचे एकपेशीय, खरखरीत केस सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येतात. औषध म्हणून ती उत्तम आहे आणि आधुनिक वैद्यकातही वापरली जाते. तिच्यातली सेनोसाइड नावाची द्रव्यं मोठ्या आतड्यापर्यंत तशीच जातात. तिथले जिवाणू ती फोडतात, मग आतडं जोरात आकुंचन पावतं. म्हणून रात्री घेतली की 6 ते 12 तासांनी, म्हणजे सकाळी, परिणाम दिसतो. पण हे आतड्याला चाबूक मारून पळवणं आहे. ते प्रसंगी, आठवडाभर ठीक. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वर्षानुवर्षं नाही. लांबलेल्या वापराने पोटॅशियम घटतं आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरावर काळपट डाग धरतात.

आता इसबगोलाकडे येऊ, कारण तुमचं नेमकं तिथेच चुकलं असावं. एक प्रयोग करा. अर्ध्या पेल्या पाण्यात दोन चमचे इसबगोलाची साल टाका आणि अर्ध्या तासाने पाहा. पाणी उरणार नाही, घट्ट लिबलिबीत गोळा होईल. पोटातही ती हेच करते. बाहेरून पुरेसं पाणी मिळालं तर मळ मऊ राहतो, नाही मिळालं तर आत बूच बसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात अर्धाच चमचा घ्या. पूर्ण पेलाभर, सुमारे 250 मिलिलिटर पाण्यात टाकून, फुगायच्या आत पिऊन टाका आणि वर आणखी एक पेला पाणी प्या. हळूहळू दोन चमच्यांपर्यंत न्या. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गिळायला त्रास असेल किंवा आतडं पूर्वी अरुंद झालेलं असेल, तर इसबगोल घेऊच नका. बाकीच्या गोळ्यांत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर त्या गोळ्याही याच गोळ्यात अडकतात.

सोनामुखी एकदम तोडू नका. दोन चमच्यांचा दीड, मग एक, मग दिवसाआड, असं महिना-दीड महिन्यात उतरवा. जोडीला दोन किवी किंवा चार-पाच भिजवलेले प्रून्स (सुकवलेले आलुबुखार) रोज खा; प्रून्समधलं सॉर्बिटॉल मळात पाणी धरून ठेवतं. शौचाला बसताना पाय बुटक्या स्टुलावर घ्या. न्याहारीनंतर वीस मिनिटांत आतड्याला आपोआप चालना मिळते, ती वेळ कामात घालवू नका. घरातल्या गोळ्यांची पाकिटंही एकदा पाहा. लोह, कॅल्शियम, काही वेदनाशामकं आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही बद्धकोष्ठ करतात.

हे सगळं करण्याआधी मला एक सांगा: मळातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन किंवा शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला बदल, यातलं काही आहे का? असेल तर चूर्ण राहू द्या, इसबगोलही राहू द्या. तुमच्या वयात आधी तपासणी हवी.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी हळदीच्या गोळ्या मागवल्या आहेत, मिरीचा अर्क घातलेल्या. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांनाही देऊ का?

वडिलांना देऊ नका, हे आधी सांगते.

जेवणातली हळद आणि गोळीतली हळद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीत कुर्कुमिन साधारण 3 टक्के असतं. अर्धा चमचा, म्हणजे दीडेक ग्रॅम हळदीत ते 45 मिलिग्रॅमच्या आसपास येतं आणि त्यातलं फारच थोडं रक्तात पोचतं. गोळीत ते 500 मिलिग्रॅम असू शकतं. वर मिरीतलं पायपरीन येतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पायपरीनमुळे माणसाच्या शरीरात कुर्कुमिनचं शोषण सुमारे 20 पट वाढलेलं दिसलं. विक्रेते हा आकडा अभिमानाने छापतात. पण पायपरीन यकृतातल्या ज्या विकरांना अडवून हे साधतं, त्यांच्यावर इतर औषधांचा निचराही अवलंबून असतो, हे छापत नाहीत. इटलीत 2019 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या घटना पाठोपाठ नोंदल्या गेल्या. तुम्हाला स्वतःला घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना सांगून, ठरावीक आठवड्यांपुरत्या घ्या. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी थांबवा. गुडघ्याला खरा आधार मांडीच्या बळकट स्नायूंचा असतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. हा व्यायाम दिवसातून तीन वेळा करा.

वडिलांबद्दल मी इतकी ठाम का आहे, तेही सांगते. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी चालू औषधांची यादी मागितली. मीच ती लिहून दिली, सुवाच्य अक्षरात, मात्रांसकट. लसणाच्या कॅप्सूल ते रोज घ्यायचे, त्या मी लिहिल्या नाहीत. माझ्या लेखी तो लसूण होता. लसणाने रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटायचं प्रमाण कमी होतं, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होते. आदल्या संध्याकाळी त्यांच्या उशाशी ती बाटली दिसली तेव्हा पायांतलं बळ गेलं. मी फोन केला, शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे गेली आणि नीट पार पडली. तेव्हापासून आमच्या घरच्या औषधांच्या यादीत कॅप्सूल, चूर्ण, काढा, अर्क सगळं असतं. तुमच्या वडिलांची यादी आज रात्री बसून करा.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे, खोकतंय. सासूबाईंनी मध दोनदा बोटावर चाटवला. गरम करून दिला तर चालेल का?

नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचा थेंबही नको, गरम केलेलाही नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळण्यानेही मरत नाहीत. मोठ्यांच्या आतड्यात आधीच वस्तीला असलेले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात ती वस्ती अजून पुरती बसलेली नसते, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. हा आजार 1976 मध्ये प्रथम ओळखला गेला.

घाबरू नका, तो विरळा आहे. पण पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. शौचाला खडा होणं, ओढून दूध न पिणं, रडणं क्षीण होणं, पापण्या जड होणं, मान लुळी पडणं, यातलं काही दिसलं तर लगेच रुग्णालयात जा आणि मध दिला होता हे सांगा. खोकल्यासाठी अंगावरचं दूध थोडं थोडं पण वरचेवर द्या आणि नाकात सलाइनचे थेंब घाला. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. 50 किंवा त्याहून जास्त भरले किंवा श्वास घेताना छाती खाली आत ओढली जात असेल, तर वाट पाहू नका.

सासूबाईंना दोष देऊ नका. खोकल्यावर मध हा त्यांचा अनुभव खराच आहे. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यानेही 2018 मध्ये साध्या खोकल्यावर आधी मध सुचवला, फक्त वर्षावरच्या मुलांसाठी. पहिला वाढदिवस झाला, की झोपताना अर्धा चमचा त्यांनीच नातवंडाला द्यावा.

प्रश्न : साखरेसाठी रोज चमचाभर दालचिनी घेते. बरोबर आहे ना?

आधी घरातली दालचिनी हातात घ्या. कागदासारख्या पातळ सालीचे अनेक पदर एकात एक गुंडाळलेले असतील आणि बोटांनी सहज चुरत असतील, तर ती श्रीलंकेची जात. जाड, टणक, एकाच सालीची गुंडाळी असेल तर ती कॅसिया. कॅसियात कूमरिन नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि जास्त प्रमाणात ते यकृताला त्रास देऊ शकतं. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेच्या हिशेबाने 60 किलोच्या माणसाने रोज खायची तर कॅसिया 2 ग्रॅमच्या वर नको, म्हणजे सपाट चमचाही नको. पूड आणत असाल तर ती कुठली हे डोळ्यांना कळणार नाही, मला तर भिंगाखालीही वेळ लागायचा. म्हणून साल अख्खी आणा.

साखरेवर दालचिनीचे प्रयोग झाले आहेत, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. चवीसाठी अर्धा चमचा घ्या. साखरेची गोळी चालू असेल तर ती मात्र एकही चुकवू नका आणि पुढच्या वेळी एचबीए1सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचा) अहवाल आला की त्यावर दालचिनी कधीपासून, किती, हे पेनाने लिहून डॉक्टरांसमोर ठेवा.