लोंबत्या पालवीला पाणी घालू नकोस

अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. ‘अशोकाला फुलं कधी येतील?’ असं विचारलंयस. येतील की, पण फिकट हिरवी, पानांत लपलेली, आणि ती फुलं आहेत हे तुला सांगावं लागेल. सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेत उभा असतो तो हा उंच अशोक. विकणाऱ्याने तुला फसवलं असंही नाही, बोलण्यात त्यालाही अशोकच म्हणतात. तुला हवा आहे तो सीताअशोक. पान बघून घे. तुझ्या झाडाचं पान एकेकटं, लांब, कडेने लाटा असलेलं आहे. सीताअशोकाचं संयुक्त असतं, एका दांड्यावर समोरासमोर पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या.

रोप विकत घेण्यापेक्षा बी रुजव. पावसाच्या तोंडाला शेंगा पिकतात, चपट्या, चामड्यासारख्या. शेंग तडकली की आतली टपोरी बी काढून त्याच आठवड्यात लाव. डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलंस तर ते सुकून मरेल, हे बी साठवणीचं नाहीच. रात्रभर पाण्यात भिजत घाल आणि माती, वाळू, कुजलेलं शेणखत भरलेल्या उंच पिशवीत आडवं पेर. दोन-चार आठवड्यांत कोंब दिसेल.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी माझ्या रोपांना नवी पालवी आली ती तांबूस, मऊ आणि चिंधीसारखी खाली लोंबणारी. मला वाटलं, तहानली बिचारी. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं आणि पंधरवड्यात निम्मी रोपं मुळाशी कुजली. या झाडाची कोवळी पालवी लोंबतेच! संस्कृतात त्याला ‘ताम्रपल्लव’ उगाच म्हटलेलं नाही. काही दिवसांत तीच पानं हिरवी, ताठ होतात. म्हणून पाण्याचा विचार पालवीकडे बघून करू नकोस. मातीत बोट खुपस, खाली ओल लागली तर झारी ठेवून दे.

हे सदाहरित रानातलं, ओढ्याकाठचं झाड. सह्याद्रीत ते मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या ओलीत वाढतं. तुझ्याकडे आंबा-फणसाची विरळ सावली असेल तर उत्तमच. पश्चिमेचं ऊन अंगावर घेणारी जागा नको, पानांच्या कडा करपतात. दुसऱ्या पावसाळ्यात दोन फूट खड्डा करून लाव, आळ्यात पाचोळा पसर, पण खोडाला टेकवू नकोस. पहिले तीन उन्हाळे पाणी चुकवायचं नाही. जमीन ओली हवी, तुंबलेली नको.

फुलायला सहा-आठ वर्षं तरी धर. मग माघ-फाल्गुनात जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर झुबके फुटतील. पिवळसर उमलतात, मग नारिंगी, शेवटी लाल, त्यामुळे एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. ज्यांना पाकळ्या समजशील ती खरी रंगीत निदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण. फुलाला पाकळ्याच नाहीत, आणि बाहेर झेपावलेले लांब केसर. फुलं जुन्या लाकडावर येतात म्हणून ‘झाड नीट दिसावं’ या हौसेने खालच्या फांद्या छाटू नकोस. चैत्र शुद्ध अष्टमीला, अशोकाष्टमीला, आठ कळ्या पाण्यातून घ्यायची रीत आहे. तेव्हा घरातल्या थोरांसाठी आठ खुडायच्या, बाकी भुंग्यांना.

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात राजवाड्यातला अशोक फुलेना, तेव्हा तरुणीच्या पायाचा स्पर्श झाला की तो फुलतो म्हणून मालविकेला पाठवतात. तू पाचोळ्यावर भागव.

एक मात्र बजावतो. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधात याची साल लागते. झाड मोठं झालं की कुणीतरी साल मागायला येईल. खोडाभोवती गोल साल काढली की मुळांना पोसणारा रस तुटतो आणि झाड वाळतं. रानातले सीताअशोक असेच विरळ झाले. सरळ नाही म्हण.

उंच अशोक उपटू नकोस, त्याची फळं वटवाघळं खातात. यंदा माझ्या झाडाला शेंगा बऱ्या धरल्या आहेत. ज्येष्ठात ये, येताना ओलं फडकं आण, बी त्यात गुंडाळून न्यावं लागेल.

तुझा,
काका