प्लॅनेट झू गेममध्ये काळ्या तोंडाचं वानर यावं म्हणून कोणते मुद्दे मांडावेत?

तुमचा प्रश्न असा की, प्लॅनेट झू या प्राणीसंग्रहालय उभारायच्या संगणक-गेममध्ये हनुमान लंगूर, म्हणजे आपलं काळ्या तोंडाचं वानर, घ्यावं अशी मागणी गेम बनवणाऱ्यांकडे करायची आहे, पण 'आमच्या देशातलं आहे, आमच्याकडे पूजतात' याच्या पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. मी चिमूर तालुक्यातला, ताडोब्याच्या बफरजवळच्या गावातला. वानरं लहानपणापासून घराच्या कवेलूंवर पाहत आलोय आणि हा गेम पुतण्यासोबत बसून खेळतो. माझं सांगणं एवढंच, की देश आणि देव दोन्ही बाजूला ठेवा आणि वानर वागतं कसं त्यावर लिहा. मागणीत जोर येईल तो तिथूनच.

भारतातले प्राणी गेममध्ये कमी नाहीत. 2019 मध्ये गेम आला तेव्हाच बंगाली वाघ, हत्ती, गेंडा, मोर, घडियाल त्यात होते. पुढे आग्नेय आशियाच्या पॅकमधून, म्हणजे नंतर आलेल्या जोड-संचातून, रानकुत्राही आला. त्यामुळे 'भारतावर अन्याय' हा सूर लावू नका, तो टिकत नाही. माकडांचं पाहा. जपानी मकाक आहे, ते बर्फातलं. दक्षिण अमेरिकेच्या पॅकमध्ये पांढऱ्या तोंडाचं कॅपुचिन आलं. प्रोबॉसिस माकड आलं, ते नदीकाठचं आणि पट्टीचं पोहणारं. कोरड्या पानगळीच्या रानात राहणारं, पाला खाणारं आणि तरी दिवसातला बराच वेळ जमिनीवर काढणारं माकड म्हणजे आपलं वानर. त्याचं काम यांपैकी कोणीच करत नाही. खेळणाऱ्याच्या दृष्टीनेही हे सोयीचं: प्राणी झाडाच्या शेंड्यात दडून बसत नाही, पाहुण्यांना समोर दिसतो.

आता सगळ्यात भक्कम मुद्दा, चितळाचा. तो नीट उलगडून लिहा. वानर खाताना फार सांडतं. उन्हाळ्यात मोहाच्या झाडाखाली थोडा वेळ उभं राहिलात तर दिसेल: वर बसलेलं वानर डहाळी ओढतं, कोवळं तेवढं खुडतं, देठ चावून पान सोडून देतं आणि लगेच दुसऱ्या डहाळीला हात घालतं. खाली चितळं माना वर करून उभी असतात. पान पडलं की एक पुढे सरकतं. फुलं, फळं, पाला, जे त्यांच्या तोंडाला कधी पुरलं नसतं ते वरून मिळतं. त्याच्या बदल्यात वानराला खाली कान आणि नाक मिळतं. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला वास आधी लागतो. दोघांपैकी एकाने जरी धोक्याचा आवाज दिला तरी दुसरा सावध होतो. ताडोब्यातले गाईड 'कॉल आला' म्हणून गाडी थांबवतात, तो कॉल बहुतेक वेळा या दोघांपैकीच एकाचा असतो.

गेममध्ये एकमेकांना मानवणारे प्राणी एका आवारात ठेवले की दोघांचं समाधान वाढतं, ही सोय आधीपासून आहे. वानर आणि चितळ ही त्या सोयीसाठी रानात तयार असलेली जोडी आहे. तुमची मागणी दोनच ओळींची असेल तर या दोन ओळी लिहा.

दुसरा मुद्दा टोळीचा. एक मोठा नर, म्हणजे हुप्प्या, बऱ्याच माद्या आणि पिल्लं अशी टोळी असते. बाकीचे नर वेगळे हिंडतात आणि संधी मिळाली की हुप्प्याला हुसकावून टोळी ताब्यात घेतात. त्यानंतर नवा नर पिल्लं मारतो, हे जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी 1960 च्या दशकात धारवाडजवळ नोंदवलं आणि पुढे अमेरिकी संशोधक साराह हर्डी यांनी माउंट अबूला त्यावर बरंच काम केलं. पिल्लं मारणं गेममध्ये दाखवू नये, लहान मुलं खेळतात. पण नरांची झुंज आणि टोळीचा मालक बदलणं जरूर यावं. टोळीबाहेरचे सडे नर वेगळ्या आवारात ठेवायचे की नाही, हा खेळणाऱ्यापुढे खरा पेच उभा राहील.

आणि पिल्लं. नवं पिल्लू काळपट असतं, आईचा राखी रंग त्याला नंतर येतो. आमच्या शाळेपुढच्या कडुनिंबावर टोळी उतरते तेव्हा मी हे जवळून पाहिलंय. आई निवांत पाला खात असते आणि पिल्लू एका तरण्या मादीकडे. तिला अजून धरता येत नाही, ती त्याला उलटंच कवटाळते, ते किंचाळतं, मग तिसरीच येऊन हिसकावून घेते. आई मान वळवून बघते आणि पुन्हा खायला लागते. एक काळं पिल्लू राखी माद्यांच्या हातोहाती फिरतंय, असं ॲनिमेशन एकदा जमलं तर या प्राण्याची जाहिरात वेगळी करावी लागणार नाही.

बनवणाऱ्यांच्या बाजूनेही बोला. प्रोबॉसिस आणि लंगूर एकाच उपकुळातले, दोघांचं पोट कप्प्याकप्प्यांचं, पाला आंबवून पचवणारं. आहाराची मांडणी बरीचशी तयार आहे. शेपटी मात्र नव्याने करावी लागेल: उत्तरेकडची लंगुरं चालताना ती पाठीवरून डोक्याकडे वळवतात, दक्षिणेकडची मागे सोडतात. यात चूक झाली तर आपल्याकडच्या पोरांच्याही लगेच लक्षात येईल.

एक आक्षेप हमखास येईल: पश्चिम घाटातलं सिंहपुच्छ माकड धोक्यात आहे, वानर तर गावोगाव आहे, मग आधी ते का नको? हा आक्षेप खोडू नका, मान्य करा. संवर्धनाच्या निकषावर सिंहपुच्छ पुढेच आहे. पण गेममधल्या माहितीच्या पानावर वानराबद्दल जे लिहिता येईल ते सिंहपुच्छाबद्दल येणार नाही. वानर सांदवाडीतले, म्हणजे घरामागच्या वाडीतले, वाल खातं, तूर आणि हरभरा ओरबाडतं, उड्या मारून कवेलू फोडतं. आमच्याकडे कितीतरी घरांवर त्यापायीच टिनं आली. तरी शनिवारी त्याच वानराला केळी देणारे लोक आहेत. नुकसान सोसणारा शेतकरी आणि रानातला प्राणी एकाच गावात कसे राहतात, हे त्या पानावर यावं असं मला मनापासून वाटतं. केळी देऊ नयेत, दिली की वानरं घरात शिरतात, हेही तिथेच लिहावं.

मागणीसोबत व्हिडिओ जोडा, फोटो नकोत. चालताना शेपटी, चितळांवर पडणारा पाला आणि हुप्प्याचा सकाळचा 'हूप' आवाज, हे तिन्ही स्वच्छ आलं पाहिजे. आवाज पहाटे घ्या, नंतर गावात ट्रॅक्टर सुरू होतात.