रोहित पक्ष्याच्या कवितेसाठी वृत्ताची निवड

ठाणे खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांवरील पहिल्याच कवितेसाठी तुम्ही भुजंगप्रयात हे वृत्त निवडले आहे. ही निवड बदलावी, असे मला मनापासून वाटते. त्या वृत्तात प्रत्येक चरणात चार यगण, म्हणजे लघु-गुरु-गुरु (लघु म्हणजे ऱ्हस्व, गुरु म्हणजे दीर्घ उच्चाराचे अक्षर) हा क्रम चार वेळा येतो आणि दोन लघू अक्षरे कुठेच लागोपाठ येत नाहीत. त्यामुळे ‘रोहित’ हा गुरु-लघु-लघु शब्दच त्यात बसत नाही आणि मग ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण करावी लागते, जी कानाला खटकते.

त्याऐवजी दर चरणात १६ मात्रांचे (लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन) पादाकुलक हे वृत्त घ्यावे. ‘रोहित आले खाडीवरती, ओसरताना सगळी भरती’ या ओळी मोठ्याने म्हणून पाहा. प्रत्येक ८ मात्रांनंतर आवर्तन आपोआप पूर्ण होते आणि ‘वरती-भरती’ या यमकाला अर्थाचाही आधार मिळतो, कारण ओहोटीने चिखल उघडा पडला की हे पक्षी तिथे चरायला उतरतात. केवळ जुळतो म्हणून आणलेला शब्द पुढच्या ओळीला भलतीकडे नेतो.

अभंग मलाही प्रिय आहे. पण ६-६-६-४ अक्षरांच्या त्या रचनेतला आखूड चौथा चरण थव्याची सलग हालचाल अडवेल. पहिली दोन कडवी मात्रा मोजून लिहावीत आणि पुढची म्हणत म्हणत रचावीत.