३६० प्रतींसाठी १ लाख ४१ हजार?

प्रश्न : मी सांगलीची निवृत्त शिक्षिका, वय ६३. जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह स्वखर्चाने काढला. ५०० प्रती, खर्च ६० हजार, किंमत २५० रुपये. प्रकाशन समारंभात आणि ओळखीत २०० रुपयांनी १४० प्रती गेल्या, मग विक्री थांबली. एक एजन्सी प्रसिद्धीसाठी १ लाख २० हजार अधिक जीएसटी मागते. त्यात बातम्या, यूट्यूब मुलाखत, फेसबुक जाहिराती आणि 'बेस्टसेलर'ची हमी. दीड वर्षापूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले ५ लाख त्यासाठी मोडू का?

उत्तर : ताई, मोडू नका.

१८ टक्के जीएसटी धरून एजन्सीचं बिल १,४१,६०० रुपये होतं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे हा भरलेला कर कशातूनच वळता होणार नाही. घरात प्रती उरल्यात ३६०. एकूण एक प्रत पूर्ण किमतीला, सूट न देता आणि टपालखर्चाशिवाय खपली तरी हाती येतात ९० हजार. म्हणजे एजन्सीने चोख काम केलं तरी ५१,६०० रुपयांचा खड्डा ठरलेलाच. प्रसिद्धी चांगली होईल का, हे नंतरचं. विकायला मालच तेवढा नाही.

आणि पूर्ण किंमत हातात येत नाहीच. घरून २०० रुपयांना पाठवलं, तर वेष्टन आणि टपालाचे ५० वजा जाऊन १५० उरतात. वितरकाने ४५ टक्के कमिशन घेतलं तर १३७.५० रुपये, तेही कित्येक महिन्यांनी, आणि न खपलेल्या प्रती कोपरे दुमडून परत. 'पुन्हा छापू' म्हणाल, तर १२० रुपये छपाई गेल्यावर प्रतीमागे ३० सुटतात. ३६० प्रतींचे ५४ हजार धरूनही उरलेले ८७,६०० भरून यायला आणखी २,९२० प्रती खपायला हव्यात, म्हणजे ५०० च्या जवळजवळ सहा आवृत्त्या.

आता ठेवीचं. या खात्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, मोडायचं तर पूर्ण खातं बंद होतं. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं की दीड टक्का कापतात, तुमचे ७,५०० रुपये. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे १०,२५० थांबतील ते वेगळेच. दीड लाखासाठी पाच लाखांची घडी विस्कटायची नाही.

छपाईचे ६० हजार मात्र हिशेबातून काढून टाका. ते खर्च झाले. 'एवढे घातलेत तर अजून थोडे घालू' या वाटेनेच माणसं अडकतात. आज प्रत्येक उरलेली प्रत तुम्हाला १५० रुपये मिळवून देऊ शकते, एवढंच खरं. त्यातले सरासरी ४०–४५ रुपये प्रसिद्धीला द्यायचे ठरवलं, तर मर्यादा होते १५ हजार. ते पहिल्या विक्रीच्या २८ हजारांतून घ्या.

आधी ३० प्रती वाटायच्या. खोक्यात पडलेली प्रत भेट दिल्याने खरा खर्च टपालाचाच, १,५०० रुपये. पण सरसकट संपादकांना पाठवल्या तर 'साभार पोच'मध्ये एक ओळ येऊन संपतं. लोकसाहित्यावर लिहिणाऱ्या माणसाच्या नावाने पाठवा, दोन-तीन ओव्यांची पानं चिठ्ठीत सांगा, पंधरा दिवसांनी एकदाच फोन करा. ग्रंथालय संचालनालयाच्या यादीसाठी आणि राज्य वाङ्मय पुरस्कारासाठीही प्रती पाठवा. मुदत चुकवू नका, एका वर्षाचं पुस्तक पुढच्या वर्षी घेत नाहीत.

फेसबुकवर ३ हजारांची चाचणी करा : रोज ३०० रुपये, दहा दिवस. जीएसटीसह ३,५४०. पोस्टरऐवजी एखाद्या आजीच्या आवाजातली चाळीस सेकंदांची ओवी लावा आणि खाली थेट व्हॉट्सॲपवर मागणी नोंदवायचं बटण द्या. अख्खा महाराष्ट्र निवडला की अंगठे भरपूर येतात, मागणी येत नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि पुणे पुरे. ३५ प्रतींची मागणी आली नाही, तर प्रतीमागे शंभराहून जास्त गेले असं समजून जाहिरात बंद करा.

माझा भर मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवावर आहे. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटणाऱ्या बायकांना ओव्यांचं पुस्तक का नको? महिला मंडळं, भिशीचे गट आणि शाळेतल्या जुन्या सहकारी यांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच विचारा. २५ प्रतींचा गठ्ठा १५० रुपये दराने ३,७५० ला द्या, पैसे आगाऊ घ्या. गठ्ठा हातोहात जातो, टपाल नाही, सुटतात तेच १५० रुपये. असे सहा गठ्ठे गेले की १५० प्रती कमी आणि २२,५०० हाती. रथसप्तमीनंतर विचारून उपयोग नाही.

एजन्सीशी बोलायचंच असेल, तर बातमी कुठल्या दैनिकात आणि जाहिरात म्हणून छापणार का, हे लेखी घ्या. 'बेस्टसेलर'ला भुलू नका. ऑनलाइन दुकानाच्या एखाद्या आडवळणाच्या उपविभागात एका दिवसात मोजक्या प्रती गेल्या तरी वरचा क्रमांक मिळतो आणि दुसऱ्या दिवशी जातो. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे लावले असतील तर तेही खोडा, तो सरकारकडून फुकट मिळतो.

विक्रीची वही ठेवा, टपालाच्या पावत्यांसकट : हा नफा व्यवसायाचं उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवावा लागेल. आणि खोकी जमिनीवर असतील तर पावसाळ्याआधी फळीवर चढवा. ओल आणि वाळवी लागलेली प्रत वाणालाही चालत नाही.