मॅक३ मध्ये प्रोबच्या प्लेटची जाडी आणि टूल हाईट कायमची सेव्ह कशी करायची? रोज टाकून कंटाळलो.

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला अन् मला आमचं देवघराचं दार आठवलं.

वरोऱ्याकडे माझं सीएनसी राऊटरचं (कॉम्प्युटरवरून मॅक३ सॉफ्टवेअरनं चालणारं, लाकूड कोरायचं मशीन) दुकान आहे. पहिली टच प्लेट (लाकडावर ठेवून तिला बिट टेकवायचा अन् उंचीचा झिरो घ्यायचा, यालाच प्रोब करणं म्हणतात) १५ एमएमची होती, ती कुठं गेली देव जाणे, मग लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची नवी करून घेतली, व्हर्नियरनं मोजली तं १२ भरली. स्क्रीनवर १२ टाकलं, एंटर मारलं, दिवसभर काम मस्त चाललं. संध्याकाळी लाईन गेली. आमच्याकडं लाईन जाणं काही नवीन नाही, शटर ओढलं अन् घरी. सकाळी बल्लारशाहून आणलेल्या सागवानावर देवघराच्या दाराचा गणपती कोरायला लावला, प्रोब केलं, स्टार्ट दिला अन् चहाला गेलो (आकडा न बघता गेलो, ही चूक माझीच). येऊन पाहतो तं व्ही बिट (निमुळत्या टोकाचं कोरायचं टूल) ३ एमएम जास्त खोल. अन् व्ही बिट खोल गेला की रेघ रुंदही होते ना बाप्पा, सोंड कोणती अन् दात कोणता समजेना!

झालं असं की मॅक३ हे आकडे आपल्या सेटिंगच्या एक्सएमएल फाईलमध्ये लिहिते ते बंद करताना. लाईन गेली तं लिहिलंच नाही. सकाळी जुनं १५ परत आलं, प्लेट १२ची, म्हणजे झिरो लाकडाच्या ३ एमएम आत.

आमचा साळा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणे, "भाऊजी, आजकाल सगळं आपोआप सेव्ह होते." कशाचं आपोआप! फळीचे पैसे त्यानं दिले काय?

तं कॉन्फिगमध्ये जनरल कॉन्फिग उघडा, पर्सिस्टंट डीआरओ (स्क्रीनवरचे आकडे) अन् पर्सिस्टंट ऑफसेट्स (झिरोच्या जागा) यांवर टिक करा. माझ्याकडं टिक होतीच, तरी हे झालं, म्हणून आकडा बदलला की सॉफ्टवेअर एकदा नीट बंद करून परत चालू करा अन् डोळ्यानं बघा. कॉम्प्युटरला यूपीएस लावा. काही स्क्रीनसेटमध्ये (मॅक३च्या स्क्रीनच्या मांडणीत) जाडी प्रोबच्या बटणामागच्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेली असते, तिथं स्क्रीनवर काही टाकून फायदा नाही, स्क्रिप्टमध्येच बदला. मॅक३च्या फोल्डरमध्ये तुमच्या प्रोफाईलच्या नावाची एक्सएमएल आहे, तिची कॉपी पेनड्राईव्हवर ठेवा. मी तं प्लेटवरच १२ पंच करून घेतलं.

अन् टूल हाईट सेव्ह करायचीच काऊन? साळ्यानं मला सगळ्या बिटांचं टूल टेबल (कोणत्या बिटाची हाईट किती, त्याची यादी) भरून दिलं होतं, दोन रविवार बसला बिचारा. अरे पण ईआर कोलेट (नटानं आवळून बिट धरणारी पकड) आहे, नट सैल केला की बिट वर-खाली होणारच, मग त्या आकड्याला काय चाटायचं? प्लेटची जाडी प्लेटची असते, ती ठेवा. बिटाची हाईट दर वेळी प्रोब करूनच घ्या, त्याला मिनिटही लागत नाही. हे मी त्याला तीन दिवाळ्या सांगून राहिलो, तो म्हणते मोठ्या फॅक्टरीत टेबलच वापरतात.

वापरतात, खरं आहे. बीटी३० सारखे, बिटासकट निघणारे होल्डर असतील, बिट होल्डरमधून काढत नसाल, तं टेबल बरोबर चालते, मग माझं ऐकू नका. अन् पुढं जीआरबीएलवर (मशीनच्या बोर्डावरच चालणारं कंट्रोल सॉफ्टवेअर) गेलात तं जी५४ ते जी५९, म्हणजे कामाचे झिरो, बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) राहतात, लाईन गेली तरी. जी९२ (तात्पुरता झिरो) अन् जी४३.१ (टूलची हाईट) मात्र रिसेट झालं की उडतात.