माझ्या फोटोंना सगळे नुसतं 'मस्त' म्हणतात. खरा अभिप्राय कसा मिळवू?

'कसा आलाय?' असं विचारलंत की 'मस्त' हेच उत्तर येणार. वाईटपणा कोण घेणार? त्याऐवजी विचारा, 'तुमची नजर आधी कुठे गेली?'

दिवे घाटातल्या पालखीचा माझा एक फोटो मी मित्राला दाखवला होता. तो बरीच वर्षं फोटो काढतोय. मला वाटलं, नजर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजींवर जाईल. तो म्हणाला, "डाव्या कोपऱ्यातल्या निळ्या प्लॅस्टिकवर." तीन दिवस मी तो फोटो बघत होतो, ते प्लॅस्टिक मला दिसलंच नव्हतं! शिवाय आजींचा चेहरा काळवंडलेला. मागे पांढरं ढगाळ आभाळ, कॅमेऱ्याने त्याच उजेडाचा हिशेब धरला. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +१ करून बघ, म्हणाला. आणि पावलं पुसट आलीत, चालत्या माणसांना १/६० सेकंदाचं शटर संथ पडतं, १/२५० ठेव. पुढच्या वारीत दोन्ही कामी आलं.

एका वेळी एकच फोटो दाखवा, चाळीस नकोत. समोरचा बोलत असताना 'अहो, तिथे गर्दी फार होती' हे सुरू करू नका. बघणाऱ्याला फक्त चौकट दिसते.

तुम्हाला कुणी विचारलं तर आवडलेली गोष्ट नेमकी सांगा आणि खोट एकच काढा, पुढच्या वेळी सुधारता येईल अशी. क्षितिज तिरकं असेल तर मोबाईलवर तिथल्या तिथे सरळ करून दाखवा. बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.