घरी शिकणाऱ्या मुलांना मार्क द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की नऊ आणि सहा वर्षांची मुलं घरीच शिकतात, सासूबाई प्रगतीपुस्तक मागतात, तर ग्रेड द्यावेत का आणि द्यायचे तर कसे. माझं स्पष्ट मत आहे, आईबापांनी मार्क देऊच नयेत. ते परक्या माणसाचं काम. आईनं दिलेल्या ए प्लसला जगात कुठेही किंमत नसते, आणि आईनं दिलेला सी मूल जन्मभर विसरत नाही.

तुमच्याकडे सासूबाई आहेत, माझ्याकडे दादा होता. माझा मोठा भाऊ हायस्कूलला गणित शिकवतो, आणि मुलाला शाळेत घालणार नाही म्हटल्यापासून त्याचा एकच प्रश्न असायचा, "मार्क नाहीत तर पोरगं कुठं आहे हे तुला कळणार कसं?" मुलगा दहा वर्षांचा असताना दिवाळीला आम्ही मिरजेला माहेरी गेलो. भाऊबीजेचं ओवाळून झालं आणि दादानं पंचवीस मार्कांचा अपूर्णांकांचा पेपर काढून भाच्यासमोर ठेवला. वहिनी म्हणाली, अहो सणाचं तरी राहू द्या. पण त्यानं ऐकलं नाही. मुलाला अकरा मार्क पडले. दादानं ते लाल पेनानं लिहून गोल केला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवले.

तो पेपर अजून माझ्याकडे आहे. एक गणित होतं ३/४ + २/३. मुलानं उत्तर लिहिलं होतं, "एक आणि वर पाच बारांश". बरोबर आहे. तीनपैकी एक मार्क, कारण लसावि काढला नाही, पायऱ्या नाहीत. पुढचं गणित २/५ + १/३. तिथं त्यानं लिहिलं, "पावणेनऊ इंचाच्या जरा वर". त्याला शून्य.

रात्री मी त्याला जवळ घेऊन विचारलं, तू हे केलंस कसं? तो त्या वर्षी आमच्या शेजारच्या सुतारकाकांकडे रोज जाऊन बसायचा. फळ्या धरायच्या, टेप धरायची, खुणा करायच्या. त्याच्या डोक्यात अपूर्णांक म्हणजे फुटाचे तुकडे. पाऊण फूट म्हणजे नऊ इंच, दोन तृतीयांश म्हणजे आठ इंच, मिळून सतरा, म्हणजे एक फूट पाच इंच. फुटाचे इंच बारा, म्हणून पाच बारांश. दुसऱ्या गणितात पंचमांश आला, आणि बारा इंचांचे पाच सारखे भाग टेपवर नीट पडत नाहीत. एक भाग दोन इंचांहून थोडा जास्त. पोरानं अंदाजानं दोन भागांचे पावणेपाचच्या वर धरले, त्यात तृतीयांशाचे चार मिळवले. खरं उत्तर ११/१५, म्हणजे एका फुटात ८.८ इंच. शून्य मार्क मिळालेलं त्याचं उत्तर खऱ्या उत्तराच्या केसभर अलीकडे होतं.

दादाचं एक म्हणणं खरं होतं, पोराला समच्छेद करायची रीत येत नव्हती. पण ते अकरा या आकड्यात कुठं दिसतं? ज्याला अपूर्णांकच कळत नाही आणि ज्याला ते सुताराच्या टेपवर लख्ख दिसतात, त्या दोघांनाही अकराच पडू शकतात. दोघांना पुढे शिकवायचं मात्र पूर्ण वेगळं. मिरजेहून परत आल्यावर मी त्याला एवढंच विचारलं, बारा इंचांचे पाच भाग पडत नाहीत, मग किती इंचांची पट्टी घेतलीस तर पाचही पडतील आणि तीनही पडतील? त्यानं बसल्या जागी पंधरा सांगितलं. मग पंधरा घरांची पट्टी आखली, दोन पंचमांशाची सहा घरं आणि एक तृतीयांशाची पाच घरं रंगवली. रीत आली. मी हे मार्क बघून शिकवलेलं नाही, त्यानं लिहिलेली ती विचित्र ओळ वाचून शिकवलं.

त्या लाल अकराचं पुढे काय झालं तेही सांगते. बरेच दिवस मुलगा प्रत्येक गणितानंतर विचारायचा, मामानं याला किती दिले असते? अवघड दिसलं की सोडून द्यायचा, येणारीच गणितं पुन्हा पुन्हा करायचा. याच विषयावर शिक्षण-मानसशास्त्राच्या संशोधक रूथ बटलर यांचा इस्रायलमधला अभ्यास आहे, १९८८ मध्ये छापलेला. काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त मार्क, काहींना दोन्ही. सुधारणा आणि गोडी टिकली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. मार्क आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. मुलं मार्क बघतात आणि पान उलटतात. कुठल्याही मास्तरला हे माहीत असतं, दादालाही आहे. त्याच्या वर्गात साठ पोरं असतात, प्रत्येकाची अशी ओळ वाचायला त्याला वेळ नाही, म्हणून तिथं आकडा लागतो. त्याची अडचण मला मान्य आहे. पण तुमच्या घरात दोन मुलं आहेत. साठ पोरांची सोय दोन पोरांवर कशाला लादायची?

तुम्ही "कसे" विचारलंय म्हणून सांगते. एक वही ठेवा. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाबद्दल लिहायचं, काय स्वतःहून केलं, कुठं अडलं, आता काय देणार. मोठ्याला स्वतःचं स्वतः लिहू द्या. वाचनाचं रेकॉर्डिंग करून ठेवा, सहा महिन्यांनी ऐकलंत तर फरक कानाला कळतो. सासूबाईंना हीच वही वाचायला द्या. आणि त्यांना धाकट्याकडून गोष्ट वाचून घ्यायला सांगा, म्हणजे त्यांचं त्यांना कळेल. पाहुण्यांना दाखवायला म्हणून आकडा मागत असतील तर देऊ नका. लग्नाच्या पंगतीत टक्के विचारणाऱ्यांची सोय हा मुलाच्या शिक्षणाचा भाग नाही.

आता परका माणूस कधी लागतो. दहावीला लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, म्हणजे एनआयओएस, चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला घेतं. परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं चालते, विषय एकेक करून सोडवता येतात, पास व्हायला ३३ टक्के. त्यात घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला २० टक्के वजन असतं, ते बरेच पालक विसरतात. राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्मही आहे, पण तिथं शाळा सोडल्याचा दाखला मागतात. माझ्या मुलानं एनआयओएसमधून आधी गणित आणि विज्ञान दिलं, मग बाकीचे विषय. परीक्षेआधी काही महिने घड्याळ लावून जुने पेपर सोडवले, ते त्यानं स्वतः उत्तरपत्रिका बघून तपासले. मी एकाही पेपरावर लाल पेन चालवलं नाही. गणितात त्याला किती पडले ते दादाला मी सांगितलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल.

मुंबईच्या एका मुलीचं उदाहरण तुम्हाला कुणी ना कुणी देईलच, दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नसताना २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली ते. तिथंही आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडची, म्हणजे शाळकरी मुलांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेची, पदकं होती, आणि ती परक्यांनीच दिली होती. शिवाय आपल्या आयआयटीला बारावी लागतेच, हे विसरू नका.

एक-दोन गोष्टी राहिल्या. मधेच शाळेत परत घालायचं मनात असेल तर शिक्षण हक्क कायद्यानं वयाप्रमाणे वर्ग मिळतो, तुमच्या घरच्या प्रगतीपुस्तकाला तिथं कुणी विचारत नाही. पण महाराष्ट्रात २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे, आणि सहावी ते आठवीत वयाप्रमाणे वर्ग मिळायला पाचवीची परीक्षा पास व्हावी लागते, त्यामुळे मोठ्याला पाचवीनंतर घालणार असाल तर लेखी पेपरची सवय आधी लावा. मूल स्वतःहून "मला परीक्षा दे" म्हणालं तर जरूर द्या, चुका शोधायला त्यालाच बसवा. आणि नऊ वर्षांच्या मुलाला वाचताना अक्षरं सतत उलटीसुलटी दिसत असतील किंवा आकडे लागतच नसतील, तर वहीवर थांबू नका, तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचं, प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ मिळतो, आणि ते काम दहावीच्या तोंडावर होत नाही.